गच्चीवरच्या केबल कापायच्या, पण नेमक्या कुठल्या?

(ठाणे, वर्तकनगर. सोसायटीचा ग्रुप, गुरुवार रात्र)

सेक्रेटरी: सर्व सभासदांना नमस्कार. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे काम सोमवारपासून सुरू होत आहे. ठेकेदाराला पॅरापेटलगतची (गच्चीच्या कठड्यालगतची) जागा पूर्ण मोकळी हवी आहे. तरी रविवारी सकाळी १० नंतर गच्चीवरील सर्व निरुपयोगी केबल कापून टाकण्यात येतील. सहकार्य करावे.

बी-२०४: साहेब, निरुपयोगी कोणती हे कोण ठरवणार? मागे रंगकामाच्या वेळी असंच 'निरुपयोगी' म्हणत आमचं नेट कापलं होतं.

ए-१०१: आम्ही केबल कधीच बंद केली. सगळं ओटीटीवर बघतो. आमच्या नावाचं जे काही असेल ते खुशाल कापा.

बी-२०४: ताई, ओटीटी येतं कशावरून? तुमची नेटची वायरपण गच्चीवरूनच खाली उतरलीय 😄

ए-१०१: अगं बाई. मग नका कापू.

बी-५०१: आणि लिफ्टची केबल? तीपण वरच आहे ना? आमच्याकडे सासूबाईंना जिना चढता येत नाही हो.

ए-३०२ (नाना): सगळे जरा थांबा. आज संध्याकाळी वर जाऊन बघून आलो. वीज मंडळात नोकरी झाली, त्यामुळे राहवत नाही. सावकाश टाइप करतोय, मध्ये बोलू नका.

ए-३०२ (नाना): आधी लिफ्ट. बी-५०१, काळजी नको. लिफ्ट ज्यावर लटकते तो पोलादी दोर, वायर रोप. तो मशीनरूममध्ये कुलपात आहे आणि एकच नाही, अनेक असतात. लिफ्टच्या डब्याखाली जी चपटी पट्टी लोंबते ती ट्रॅव्हलिंग केबल. तिच्यातून दिवा, पंखा, बटणांचे सिग्नल जातात, वजन ती पेलत नाही. लिफ्टवाला 'केबल बदलायची' म्हणून कोटेशन देईल तेव्हा या दोघांतली कुठली ते विचारायचं, दरात फार फरक असतो.

ए-३०२ (नाना): आता गच्ची. पाण्याच्या टाकीजवळ काळ्या वायरींचा जो गुंता आहे ती टीव्हीची कोॲक्सियल. एक कापलेलं टोक तिथेच पडलंय, हातात घेऊन बघा. मधोमध एक ताठ तार, तिच्याभोवती पांढरा फोम, त्यावर चमकता कागद आणि बारीक जाळी, सगळ्यात वर काळं रबरी आवरण. सेट टॉप बॉक्स आले तेव्हा केबलवाल्याने नव्या लाइनी ओढल्या आणि जुन्या तशाच सोडल्या. यातल्या निम्म्याअधिक मेलेल्याच असतील.

ए-३०२ (नाना): तिच्याच बाजूने बारीक, चपटी काळी जाते ती फायबर. लांबून दोन्ही सारख्याच दिसतात, गोंधळ होतो तो इथेच. आत तांबं नाही, काच आहे. वरच्या थरासकट त्या काचेची जाडी १२५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि प्रकाश जातो तो मधला गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा. ही तुटली तर पिळून टेप मारून चालत नाही, मशीन आणून काच वितळवून जोडावी लागते. कापू नकाच, पण दुमडूनही ठेवू नका. फार वाकवली की प्रकाश बाहेर गळतो आणि मग नेट 'कधी चालतं कधी नाही' सुरू होतं.

सी-६०१: नाना, लगे रहो 👏 मी सध्या सुट्टीवर घरी आहे म्हणून सांगतो, आमच्या जहाजावर केबल म्हणजे नांगराची साखळी. आणि अंतर मोजायचं मापही केबलच, सागरी मैलाचा दहावा भाग, साधारण १८५ मीटर.

ए-४०२ (दादा): आम्ही तारखात्यात होतो तेव्हा परदेशी जाणारी तार म्हणजे केबल. मुंबईहून एडन, सुएझमार्गे विलायतेला समुद्राखालून तार १८७० पासून जोडलेली. त्याच्या आधी पत्राला आठवडे लागायचे. आपली सरकारी तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली ती झालीच.

बी-२०४: दादा, आपलं इंटरनेटही आज समुद्राखालच्या केबलमधूनच येतं. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर बऱ्याच येऊन लागतात.

सेक्रेटरी: कृपया विषयांतर टाळावे. रविवारचे बोला.

ए-३०२ (नाना): रविवारचंच बोलतो. राखाडी वायर आहे ती कॅट-सिक्स, आपल्या सीसीटीव्हीची. चार जोड्या, आठ तारा. ती आपण मागच्या एजीएममध्ये पैसे मोजून टाकून घेतलीय, हात लावू नका. टाकीवरून खाली जमिनीत गेलेली पट्टी वीजरोधकाची, म्हणजे आकाशातून पडणारी वीज जमिनीत उतरवणारी आहे. ती केबल नव्हेच, पण भंगारात तिलाच भाव येतो म्हणून सांगून ठेवतो.

ए-३०२ (नाना): आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, दोनदा वाचा. सोलर पॅनेलकडून इन्व्हर्टरला येणारी लाल-काळी जोडी कोणीही, कोणत्याही कारणाने कापायची नाही. मेन स्विच बंद केला तरी ऊन आहे तोवर त्या तारांत शेकडो व्होल्टचा डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेचा) दाब असतो. घरातली वीज एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारी. तिचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी विझायला वाव मिळतो. डीसीत तसं होत नाही, उडालेली ठिणगी पेटती राहते. ठेकेदाराच्या पोराने सकाळी १० वाजता, भर उन्हात, हातात हॅकसॉ घेऊन ती कापायची म्हणजे काय होईल ते मी इथे लिहीत नाही.

बी-५०१: बापरे 😳

ए-१०१: सेक्रेटरीसाहेब, नोटीस मागे घ्या आधी.

सेक्रेटरी: मागे घेत नाही, सुधारतो. (१) रविवारी टीव्हीवाला आणि नेटवाला दोघांनाही बोलावले आहे. ते स्वतः चालू लाइन तपासतील. (२) चालू केबलवर फ्लॅट नंबर लिहून पिवळी टेप लावायची. (३) सोलर, सीसीटीव्ही आणि वीजरोधकाला हात नाही. सोलर कंपनीचा माणूस पॅनेल झाकून काम करून देईल. (४) टेप नसलेली कोॲक्सियल तेवढी कापली जाईल. नाना, आपण हजर राहाल ना?

ए-३०२ (नाना): साडेनऊलाच वर येतो. टेप जांभळी नाक्यावरून घाऊक आणा, इथल्या दुकानात दुप्पट भाव लावतात.

बी-२०४: कापलेल्या केबलचं भंगार कोणाचं?

सेक्रेटरी: सोसायटीचे. पावती ग्रुपवर टाकतो.

ए-१०३ (काकू): आणि आमच्या वाळवणाची तार? कालच कुरडया घातल्यात.

सेक्रेटरी: काकू, ती राहू दे. तुमच्या बाजूचं पॅरापेट शेवटी घ्यायला सांगतो. कुरडया उचलल्या की कळवा.