अनुभव धागा: मुलांना मराठीत टायपिंग आणि वर्ड शिकवताना

संगणकाच्या तासाला मुलांना मराठी मजकूर लिहायला, सुधारायला, नीट मांडायला तुम्ही कसं शिकवता? काय जमलं, काय फसलं, दोन्ही लिहा. सुरुवात मी करते.

सहावीला राम नावाच्या मुलाची दहा ओळींची गोष्ट दिली आणि 'शोधा-बदला' वापरून रामची सीता करायला सांगितली. क्षणात सगळं बदललं आणि वर्गात एकच हशा! 'आराम'चं 'आसीता' झालं होतं. 'रामला'चं 'सीताला', 'राम गेला'चं 'सीता गेला'. मग मुलं ओळ न् ओळ दुरुस्त करत बसली: सीतेला, सीतेने, गेली. सामान्यरूप फळ्यावर मी कितीदा शिकवलंय, पण "बाई, सीताला का नाही?" हे मुलांनी आपणहून त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं. आता गोष्टीत 'आराम' मी मुद्दाम घालते. 'सगळे बदला' दाबण्याआधी एकेक जागा बघायची सवय त्यानेच लागते.

*

आमची जिल्हा परिषदेची शाळा. 4 संगणक, मुलं 31. म्हणून पुठ्ठ्यावर इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांसाठीची प्रमाण कळरचना) कीबोर्ड रंगवून घेतले. डावीकडचे स्वर लाल, उजवीकडची व्यंजनं निळी. ज्याची पाळी नाही तो पुठ्ठ्यावर बोटं चालवतो.

सगळ्यांची गाडी अडते ती 'किती'वर. पहिली वेलांटी दिसते अक्षराच्या आधी, पण दाबायची नंतर. मी एवढंच सांगतो, "तोंडाने म्हण, त्याच क्रमाने दाब." जोडाक्षरालाही तेच: क, हलन्त (पाय मोडायची खूण), ष, झाला क्ष. 'दुसऱ्या' मात्र वेगळं शिकवावं लागतं. साधा र घेतला तर य वर रफार चढून बसतो. शिफ्ट धरून र दाबायचा, मग हलन्त, मग य. हे जमलं त्या दिवशी एका मुलीने पानभर नुसतं 'सुऱ्या, दऱ्या, पऱ्या' लिहिलं.

*

शीर्षक मध्यभागी आणायला मुलं स्पेसबार बडवतात, ओळ संपली की एंटर मारतात. रागावून उपयोग नाही. मी वर्डमधलं ¶ चं बटण दाबते, स्पेस-एंटरच्या लपलेल्या खुणा दाखवणारं. शीर्षकाआधी ठिपक्यांची रांग दिसते, प्रत्येक ओळीच्या टोकाला ती खूण. मग अक्षर मोठं करायला लावते आणि सगळी मांडणी विस्कटते. पुढचं सांगावं लागत नाही.

*

आमच्याकडे वीज कधी जाईल नेम नाही. एकदा सातवीचा अर्ध्या तासाचा निबंध गेला, दोन मुली रडल्या. मलाही फार वाईट वाटलं, कारण सेव्ह करायला मीच सांगितलं नव्हतं. तेव्हापासून वर्गाचा नियम: पूर्णविराम दिला की कंट्रोल-एस.

*

न्यू जर्सीत रविवारच्या मराठी शाळेत शिकवते. आमची मुलं रोमन अक्षरांत टाइप करतात आणि समोर येणारा पहिला शब्द उचलतात. त्यामुळे आजीच्या पत्रात 'पानी', 'बाल', 'शाला'. आता पत्र पाठवण्याआधी शेजारच्याने ते मोठ्याने वाचायचं. 'बाल' कानाला खटकलं की मूल स्वतःच मागे जाऊन ळ शोधतं. पत्रं खरोखर भारतात जातात, आज्या उत्तरं देतात, म्हणून ही मेहनत मुलं आनंदाने करतात.

*

धागाकर्ती: पुठ्ठ्याचा कीबोर्ड केवढा केलात, सर? आणि शिफ्टची अक्षरं त्याच घरात लिहिली की वेगळ्या पुठ्ठ्यावर? फोटो असेल तर नक्की टाका, या सोमवारीच आमच्या पाचवीला बनवायला बसवते.