हिरव्या वाटाण्याचा वाण कसा निवडलात? अनुभव लिहा

बियाण्याच्या जवळपास प्रत्येक पिशवीवर ‘भरघोस उत्पादन, रोगप्रतिकारक’ असं छापलेलं असतं. कोणत्या रोगाला, ते क्वचितच लिहिलेलं असतं. वाटाण्यावर भुरी येते, तांबेरा येतो, मर लागते, मूळकूज होते. एका रोगाला दाद न देणारा वाण दुसऱ्याला सहज बळी पडतो. म्हणून हा धागा काढतेय. वाणाचं नाव, पेरणीची वेळ, जमीन आणि शेवटी हाती काय आलं, एवढं जरूर लिहा. ज्यांचं पीक गेलं त्यांनी तर नक्कीच लिहा.

बांधावरून
माझा सगळा अनुभव भुरीचा. अर्केल आणि अर्का अजित हे दोन वाण शेजारी-शेजारी पेरले होते, तेही जरा उशिराच. दिवसा कोरडी ऊब आणि रात्री दव अशी हवा सुरू झाली आणि अर्केलच्या खालच्या पानांवर पिठासारखे ठिपके दिसू लागले. अंगठ्याने पुसलं की खाली पान हिरवंच, त्यामुळे आधी कुणाला काही वाटत नाही. पुढे तेच पांढरं वेलावर आणि मग शेंगांवर चढतं, सालीवर तपकिरी डाग राहतात, दाणा नीट भरत नाही. पलीकडच्या ओळी मात्र स्वच्छ होत्या. अर्का अजित हा बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा वाण, भुरी आणि तांबेरा दोन्हींना प्रतिकारक, साधारण 90 दिवसांचा.

तरी अर्केलला नावं ठेवू नका. तो लवकर येतो. वेळेवर पेरला तर भुरीचा जोर वाढायच्या आत त्याचे तोडे उरकतात. पण हे रोगातून निसटणं झालं; पेरणी लांबली की ती सोय संपते.

काळी माती
आमच्याकडे मर. आधी खालची पानं पिवळी पडून कडा आत वळतात, मग झाड बसतं. असं झाड उपटून जमिनीलगतचं खोड नखाने उभं चिरून पाहा: आत विटकरी-नारिंगी रेघ दिसली तर फवारण्यांवर खर्च करू नका. मर आणणारी बुरशी मातीत अनेक वर्षं टिकते, त्यामुळे नुसत्या बेवडाने, म्हणजे पिकांच्या फेरपालटीने, भागत नाही. मर सहन करणाराच वाण लागतो. आणि त्या मरीच्या कोणत्या प्रकाराला तो प्रतिकारक आहे, हेही विचारा, कारण तिचे प्रकार एकाहून जास्त आहेत. जमीन गरम असताना पेरणीची घाई केली तर मूळकूजही वाढते.

बियाणेवेडी
भुरीबद्दल थोडी भर. वाटाण्यातली भुरीची बहुतेक प्रतिकारशक्ती ‘ईआर-1’ नावाच्या जनुकातून येते. हार्लंड या शास्त्रज्ञांनी 1948 मध्ये या गुणाची नोंद केली आणि पैदासकार आजही त्यावरच भर देतात. हा गुण अप्रभावी आहे, म्हणजे नर आणि मादी दोन्ही बाजूंनी आला तरच झाड वाचतं. त्यामुळे भेसळीचं बियाणं आलं की शेतात मधूनच पांढरी झाडं दिसतात. वाटाणा स्वपरागित असल्याने शुद्ध वाणाचं घरचं बी पुढच्या वर्षी चालतं, हा मोठाच फायदा. फक्त निरोगी झाडांचंच बी धरा. काही विषाणू आणि करपा बियाण्यातूनच पुढे जातात.

तोडणीवाला
उत्पन्न म्हणजे नुसतं शेंगांचं वजन धरू नका. मूठभर शेंगा सोलून दाणे वेगळे तोला. साल जाड असली तर शेंग लांबलचक दिसते, दाणा कमीच निघतो. देठाला शेंगा जोडीने लागतात की एकेक, तेही मोजा. हाताने तोडायचं असेल तर थोडे-थोडे तोडे देणारा वाण सोयीचा. प्रक्रियेसाठी एकदाच काढायचं असेल तर सगळ्या शेंगा एकदम भरणारा हवा, कारण दाणा एकदा जून झाला की साखर जाऊन पिठूळपणा येतो.

पाणथळ
सुरकुतलेल्या बियांचे वाण गोड, त्यात शंका नाही. पण आमच्या गार, ओलसर जमिनीत ते उगवायच्या आधीच कुजतात. गोल बियांचे तिथे तगतात. वाफसा, म्हणजे पेरणीजोगी बेताची ओल, नसेल तर पेरूच नये.

उशिराचा फुलोरा
उत्पन्न जास्त म्हणून जास्त दिवसांचा वाण घेतला, त्याचा फुलोरा 30 अंशांच्या वरच्या उन्हात सापडला. फुलं गळाली. रोग एकही नव्हता.

धागाकर्ती
तोडणीवाला, दाणे तोलायची युक्ती यंदाच करून बघते. अर्का अजित तांबेऱ्याच्या वर्षात कुणी पेरला होता का? बांधावरून यांच्याकडे भुरीच होती. ज्यांच्या पानांच्या खालच्या बाजूला तांबूस पुटकुळ्या आल्या होत्या, त्यांनी वाण आणि त्या वेळची हवा दोन्ही सांगा.