मदत हवी आहे: आयर्लंडहून बॉस्टनला आलेल्या पूर्वजाचं गाव कसं शोधायचं?

जावयांच्या घराण्याची वंशावळ लावायला घेतली आहे. त्यांचा अमेरिकेतला मूळपुरुष जॉन सुलिवन, १८५० च्या आसपास दुष्काळात बॉस्टनला आला. १८६० च्या जनगणनेत बायकोमुलांसकट सापडला, पण जन्मस्थळाच्या रकान्यात नुसतं 'आयर्लंड'. आयरिश संकेतस्थळांवर याच नावाचे ढीगभर लोक निघतात. आपला कोणता, हे कसं ओळखावं?

प्रतिसाद १
आयरिश संकेतस्थळं तूर्त बाजूला ठेवा. आयर्लंडच्या कॉर्क आणि केरी परगण्यांत सुलिवन पैशाला पासरी. गावाचं नाव मिळालं तर अमेरिकेतल्या कागदांतच मिळेल. मॅसॅच्युसेट्समध्ये १८४१ पासून राज्यभरच्या जन्म-मृत्यू-लग्नाच्या नोंदी आहेत. जॉनची मृत्यूची नोंद काढा, तीत बरेचदा आईवडिलांची नावं असतात. आईचं माहेरचं आडनाव मिळालं तर अर्धी लढाई जिंकलीत, कारण आयरिश कॅथलिक नोंदवह्यांत बायकांचं माहेरचंच आडनाव लिहीत. मग बॉस्टनच्या चर्चमधल्या लग्नाच्या नोंदी आणि थडग्यावरचा मजकूर. एकट्या जॉनवर थांबू नका. भावंडं, मुलांचे गॉडफादर-गॉडमदर, शेजारी, सगळे तपासा. ही माणसं बहुधा एकाच पॅरिशमधली (एका चर्चच्या हद्दीतली) असतात. नागरिकत्वाच्या कागदांवर फार भिस्त नको, १९०६ पूर्वीच्या अर्जांत बहुधा देशच लिहिलेला असतो. बॉस्टनच्या 'द पायलट' वर्तमानपत्रात १८३१ ते १९२१ हरवलेल्या नातलगांच्या जाहिराती येत, त्यांत पॅरिशसुद्धा असे. त्या जरूर चाळा.

धागाकर्ती
आभार! थोरला मुलगा डेनिस, धाकटा टिमथी. याचा काही उपयोग? आणि आयर्लंडमधला जन्मदाखला मिळेल का?

प्रतिसाद २
जन्मदाखला नाही मिळणार, तिथली सरकारी जन्मनोंदणी १८६४ पासूनची. दुष्काळाआधीच्या जनगणनाही १९२२ मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयांच्या इमारतीतल्या आगीत जवळजवळ सगळ्या गेल्या. उरतात बाप्तिस्म्याच्या नोंदी. पॅरिश कळल्यावर आयर्लंडच्या नॅशनल लायब्ररीच्या संकेतस्थळावर नोंदवहीची पानं फुकट पाहता येतात. त्या लॅटिनमध्ये असल्या तर जॉन 'योहान्नेस' म्हणून शोधा. वयात पाचेक वर्षं इकडेतिकडे धरा. जनगणनेतली वयं अंदाजाने सांगितलेली असत.

थोरल्याला वडिलांच्या वडिलांचं, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं नाव, अशी रीत होती. म्हणजे जॉनचा बाप डेनिस असावा. हा फक्त माग आहे, पुरावा नव्हे. ग्रिफिथ्स व्हॅल्युएशनमध्ये (करासाठी केलेली घर-जमिनींची मोजदाद, १८४७–६४) त्या पॅरिशमध्ये डेनिस सुलिवन आहे का बघा. जॉन तोवर अमेरिकेला गेलेला असणार, आणि तसंही त्यात फक्त कुटुंबप्रमुखांची नावं आहेत.

जुळणारा जॉन सापडला की तोच जॉन, तुमचा जॉन बॉस्टनला आल्यानंतरच्या काळातही, तिथेच लग्न करताना, मुलांचे बाप्तिस्मे करताना दिसतो का, तेही पाहा. दिसला तर तो तुमचा नव्हे. पुढचा जॉन घ्या.