लेकराची अ‍ॅलर्जीची टेस्ट कुठे करतात? लवकर सांगा

जिंतूरची_आई: परवा जेवल्यावर लेकराच्या अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले. इथल्या डॉक्टरांनी औषध दिलं, दोन तासांत उतरलं. पण आता घास भरवायचीच धास्ती बसली आहे. एका लॅबवाल्यांनी शंभरावर पदार्थांचं पॅकेज सांगितलं. करू का? नांदेडला जावं का संभाजीनगरला? उद्याच निघते.

मोंढा_नाका: ताई, लेकरू केवढं? काय खाल्लं? किती वेळानं उठलं? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

जिंतूरची_आई: सव्वा वर्षाची आहे. एकादशी होती, सगळ्यांनी खाल्लं तेच दिलं.

करडईचं_फूल: भगर का? दर नवरात्रात आपल्याकडं भगरीच्या विषबाधेच्या बातम्या येतात. सुटी भगर आणि तयार पीठ घेऊच नका. निवडून, धुऊन, वाळवून घरी दळा.

मोंढा_नाका: तसं असतं तर घरातले सगळेच आजारी पडले असते. ताई, आमटी दाण्याची होती ना?

जिंतूरची_आई: हो, कुटाची. चार घास खाल्ले अन् मी भांडी आवरेपर्यंत गांधी. एक उलटीही झाली. याआधी दाणे कधी दिले नव्हते.

आज्जीची_चूल: बाई, हे पित्त आहे. आमसुलाचं पाणी लाव अंगाला. आमच्या लेकरांना असंच व्हायचं. कोवळ्या हाताला सुया कशाला?

पूर्णाकाठ: काकू, ओठ सुजले, उलटी झाली. इथं आमसुलात वेळ घालवायचा नाही. ताई, पुन्हा असं होऊन श्वास लागला, आवाज बसला किंवा लेकरू मलूल पडलं तर थेट १०८. अशा वेळी मांडीत अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन लागतं.

आता टेस्ट. माझ्या मुलाला अंड्याची अ‍ॅलर्जी होती. आम्ही असंच मोठं पॅकेज केलं. रिपोर्टात दूध, गहू, तूरडाळ सगळंच लाल. तो हे रोज खायचा, कधी काही झालं नव्हतं. तरी भिऊन चार महिने बंद केलं आणि पोराचं वजन जागच्या जागी राहिलं. अजून जीव तुटतो. नंतर बालरोगतज्ज्ञांनी सांगितलं, नुसता रिपोर्ट पॉझिटिव्ह म्हणजे अ‍ॅलर्जी नव्हे. खाल्ल्यावर काय झालं ते आधी, संशय असेल त्याचीच टेस्ट मग. अन् आयजीजीवाली, म्हणजे रक्तातली आयजीजी नावाची प्रतिपिंडं मोजणारी पॅकेजं तर अ‍ॅलर्जीसाठी कामाचीच नाहीत.

करडईचं_फूल: पण एकदाच सगळं कळलेलं बरं ना? माझ्या भाच्याचं तसंच केलं.

पूर्णाकाठ: कळत नाही, भीती तेवढी वाढते. ताई, सध्या औषध कोणतं चालू आहे?

जिंतूरची_आई: सेट्रिझिन. आज सकाळीही दिलं.

पूर्णाकाठ: मग उद्या निघून उपयोग नाही. त्वचेच्या टेस्टला हातावर थेंब टाकून हलकं टोचतात, १५-२० मिनिटांत गांध येते का बघतात. सेट्रिझिन पोटात असलं की ती उठतच नाही. साधारण आठवडाभर आधी थांबवावं लागतं, तेही डॉक्टरांना विचारून. रक्तातली स्पेसिफिक आयजीई, म्हणजे त्या एका पदार्थाविरुद्धची अ‍ॅलर्जीची प्रतिपिंडं मोजणारी टेस्ट, औषध चालू असतानाही होते. आधी फोन करून विचारा, दाण्याची त्वचाचाचणी करता का म्हणून.

जिंतूरची_आई: सासूबाई म्हणतात, एवढ्या लहानपणी दाणे दिले म्हणून झालं. खरं आहे का?

मोंढा_नाका: उलट आहे. २०१५ साली लंडनचा अभ्यास आला. इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या बाळांना ४ ते ११ महिन्यांपासून दाणे भरवत गेले, तर पुढं दाण्याची अ‍ॅलर्जी कमी जणांना झाली. तुमची चूक नाही, ताई. पण आता घरी पुन्हा देऊन बघू नका, ते दवाखान्यातच करतात.

आज्जीची_चूल: आमच्या वेळी असलं काही नव्हतं. लेकराला इसब आहे का गं?

जिंतूरची_आई: हो, कोपराच्या खळीत, चार महिन्यांची होती तेव्हापासून. ते सांगायचं राहिलं. फोन केला, पुढच्या सोमवारचा नंबर मिळाला. आम्ही घाण्याचं शेंगतेल वापरतो, तेही बंद करू?

पूर्णाकाठ: घाण्याच्या तेलात दाण्याची प्रथिनं राहू शकतात. सोमवारपर्यंत करडईचं वापरा. आणि त्या दिवशी काय खाल्लं, किती वेळानं काय झालं, हे आजच कागदावर लिहून ठेवा.

करडईचं_फूल: करडईचं घाण्याचं तेल परभणीत चांगलं कुठं मिळतं?