शब्दचर्चा : ‘केंद्रकस्नेही’ नेमका कोणाचा स्नेही?

‘न्यूक्लिओफाइल’ला, म्हणजे आपली इलेक्ट्रॉनांची जोडी देऊन दुसऱ्या अणूशी बंध जोडणाऱ्या रेणूला किंवा आयनाला, ‘केंद्रकस्नेही’ म्हणावे की नाही, हा प्रश्न कार्बनी रसायनशास्त्र मराठीतून शिकवू पाहणाऱ्याला लवकरच पडतो. शब्द व्युत्पत्तीला धरून आहे. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ क्रिस्टोफर इनगोल्ड यांनी १९३३ मध्ये ‘न्यूक्लिओफाइल’ आणि ‘इलेक्ट्रोफाइल’ (अशी इलेक्ट्रॉनजोडी स्वीकारणारा) ही शब्दांची जोडी पुढे आणली, ती ग्रीक ‘फिलोस’, म्हणजे स्नेही, याच पदावर बेतलेली आहे. अडचण ‘केंद्रक’ या पदाची आहे, कारण या अभिक्रियांत अणूच्या केंद्रकापर्यंत कोणीच पोहोचत नाही. मिथिल ब्रोमाइडमधील ब्रोमिन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो, त्यामुळे कार्बनवर किंचित धनप्रभार येतो. हायड्रॉक्साइड आयन ब्रोमिनच्या विरुद्ध बाजूने येऊन त्या कार्बनला आपली इलेक्ट्रॉनांची जोडी देऊ लागतो आणि त्याच वेळी ब्रोमिन बंधातली जोडी घेऊन सुटू लागतो.

मग ‘धनस्नेही’ का नको? अर्थ बरा आहे, पण मराठी कानाला त्यात सावकार ऐकू येतो, आणि त्याचा जोडीदार ‘ऋणस्नेही’ तर सरळ कर्जदारच वाटतो. ‘इलेक्ट्रॉनदाता’ अधिक जवळचा वाटेल, परंतु क्षपणक (रिड्यूसिंग एजंट) आणि आम्लारी (बेस) हेही दातेच असतात. तोच हायड्रॉक्साइड कार्बनला जोडी देतो तेव्हा केंद्रकस्नेही ठरतो आणि प्रोटॉनला देतो तेव्हा आम्लारी, म्हणजे भेद देणाऱ्यात नसून घेणाऱ्यात आहे. ‘ऋणायनी’सारखा शब्दही चालणार नाही, कारण अमोनिया आणि पाणी प्रभार नसतानाही हेच काम करतात.

‘इलेक्ट्रोफाइल’साठीचा ‘इलेक्ट्रॉनस्नेही’ मात्र निर्दोष वाटतो, आणि माझ्या मते खरी फसगत तिथेच होते. बेंझीनच्या नायट्रीकरणात, म्हणजे त्याच्या कार्बन-वलयाला नायट्रो गट जोडताना, धनप्रभारित नायट्रोनियम हा इलेक्ट्रॉनस्नेही असतो. ‘नायट्रोनियम आयन वलयावर हल्ला करतो’ असे वाक्य ऐकले की विद्यार्थी अभिक्रिया दाखवणाऱ्या वक्र बाणाची शेपटी नायट्रोनियमवर टेकवतो आणि टोक वलयाकडे वळवतो. बाण अणूंची नव्हे, इलेक्ट्रॉनांची वाट दाखवतो. म्हणून त्याची सुरुवात वलयातील पाय-इलेक्ट्रॉनांपासून (दुहेरी बंधांतील सैल इलेक्ट्रॉनांपासून) आणि शेवट नायट्रोजनवर व्हायला हवा. ‘केंद्रकस्नेही’ रुळला आहे, तो राहू द्यावा. इलेक्ट्रॉनस्नेहीच्या संदर्भात ‘हल्ला’ मात्र टाळावा आणि ‘वलय नायट्रोनियमला जोडी देते’ असे लिहावे.