शब्दचर्चा: कुत्र्याला 'उस्तेद' आणि देवाला 'तू'?

पाटीपेन्सिल:
शब्द आहे 'उस्तेद'. मी सध्या कोस्टा रिकात, सान होसेला आहे, मिशनच्या कामाला पुढे आर्जेन्टिनात जायचंय पण त्याआधी वर्षभर नुसती स्पॅनिश भाषा शिकायची असं ठरलंय. पहिल्याच आठवड्यात वर्गात सांगितलं की 'तू' म्हणजे तू (उच्चारही आपलाच!) आणि 'उस्तेद' म्हणजे अहो-जाहो. म्हटलं हे तर आपल्याला सोप्पं, इंग्रजीवाले बसलेत डोकं धरून आणि मी आपली निवांत. पण ज्यांच्या घरी राहते त्या काकू नवऱ्याला उस्तेद, पाच वर्षांच्या नातवाला उस्तेद, आणि परवा कुत्रा सोफ्यावर चढला तर त्याला म्हणाल्या 'बाहेसे!' म्हणजे 'खाली उतरा!' आणि त्याच काकू जेवायला बसलो की डोळे मिटून 'ते दामोस ग्रासियास, सेन्योर'. म्हणजे 'तुझे आभार मानतो, प्रभू', यातला 'ते' म्हणजे तुला. कुत्र्याला अहो आणि देवाला अरे!

आता माझा घोटाळा. रविवारी जेवणाआधी मला प्रार्थना करायला सांगितली, घरात सगळ्यांना उस्तेद म्हणून जीभ वळलेली, त्यामुळे बोलून गेले 'ले दामोस ग्रासियास, सेन्योर', 'ले' म्हणजे उस्तेदवालं 'तुम्हाला'. नातू खुदकन हसला. मग कळलं, सेन्योर म्हणजे प्रभू आणि सेन्योर म्हणजे साहेबसुद्धा. 'ते' होतं तोवर प्रभू होता, 'ले' म्हटल्यावर साहेब झाला, बँकेतल्या माणसाने फॉर्म भरून दिल्यावर मानतो तसे आभार मानले गेले. तर उस्तेदला मराठीत नेमका शब्द काय? 'आपण' म्हणावं तर कुत्र्याचं काय करू?

जुनीवही:
अगं, उस्तेद म्हणजे 'वुएस्त्रा मेर्सेद' झिजून झालेलं रूप, शब्दशः 'आपली कृपा'. कृपेशी बोलायचं म्हणून क्रियापद तृतीय पुरुषी. आपली 'स्वारी' तशीच नाही का, समोर बसलेल्यालाच विचारायचं 'आज स्वारी कुठे निघाली?' आणि ही स्वारी पूर्वी मानाची, आता आई रांगत्या पोराला म्हणते 'स्वारी रुसलीय वाटतं'. घरात वापरून वापरून मानाचा शब्द मऊ पडतो, मला तरी तुझ्या काकूंचा उस्तेद त्याच वाटेचा वाटतो. तेव्हा 'आपण' नको, मी 'स्वारी'ला मत देतो.

देवाचं म्हणशील तर 'हे आमच्या स्वर्गातील पित्या, तुझे नाव पवित्र मानिले जावो', यात कुठे 'आपले' आहे? विठोबालाही कोणी अहो म्हणत नाही. ते इंग्रजीवाल्यांना समजवावं लागेल, तुला नाही.

कडूलिंब:
उस्तेदवरून 'वोसोत्रोस' आठवलं, म्हणजे अनेकवचनी 'तुम्ही'. लॅटिन अमेरिकेत बोलताना हे कोणी वापरत नाही, लहानथोर सगळ्यांना 'उस्तेदेस'. पण चर्चमधे ऐकशील, कारण स्पॅनिशमधलं रेइना-वालेरा बायबल. रेइनाचं भाषांतर 1569 चं, वालेराने ते सुधारून 1602 ला काढलं, आणि प्रॉटेस्टंट चर्चमधे खूप चालते ती 1960 ची आवृत्ती, त्यातही वोसोत्रोस ठेवलंय. त्यामुळे पाळक (त्यांचा 'पास्तोर', मेंढपाळालाही हाच शब्द) उतारा वाचतात वोसोत्रोसमधे आणि समजावतात उस्तेदेसमधे. वरच्या 'मानिले'सारखंच, वाचायचं पण घरी बोलायचं नाही.

अजून एक गंमत, त्याच 1960 च्या आवृत्तीत 'प्रारंभी शब्द होता' मधला शब्द म्हणजे 'वेर्बो', आणि व्याकरणात वेर्बो म्हणजे क्रियापद. स्पॅनिश शिकणाऱ्या कुणालाही विचारा, प्रारंभी क्रियापदच असतं आणि मधे आणि शेवटीही तेच!

पाटीपेन्सिल:
क्रियापदाचं अगदी अगदी 😄 'स्वारी' आवडलं, कुत्र्याला तर फिट बसतं. पण जुनीवहीदादा, आर्जेन्टिनात म्हणे 'तू'च नाही, तिथे 'वोस'. मग परत सगळं पुसायचं का?

जुनीवही:
पुसायचं नाही, थोडं खोडायचं. वोस हाही एकेकाळी मानाचा शब्द, घसरत घसरत सलगीचा झाला. 'तू तिएनेस' (तुझ्याकडे आहे) चं 'वोस तेनेस' होतं, पण 'तुला' आणि 'तुझं' यांची रूपं तीच राहतात, 'ते' आणि 'तू'. म्हणजे तुझं 'ते दामोस ग्रासियास' तिथेही जसंच्या तसं. फरक पडतो क्रियापदात. 'आम्हाला सोडव' वोसच्या बोलीत म्हटलं तर जोर 'ब्रा'वर येईल, लिब्रानोस, पण प्रभूच्या प्रार्थनेत तिथले लोकही 'ली'वर जोर देऊन लीब्रानोसच म्हणतात. रस्त्यावर वोस आणि प्रार्थनेत तू.

पाटीपेन्सिल:
मग 'ते' घट्ट धरून ठेवते. आज काकूंना विचारलंच, कुत्र्याला उस्तेद का म्हणता? त्यांना प्रश्नच कळेना. म्हणाल्या, मग काय म्हणायचं त्याला?