गोल्ड फ्लेकच्या जुन्या डबीवर ब्रिस्टलचे नाव कसे?

पत्र्याची_डबी:
जुन्या डब्या जमवण्याचा मला छंद आहे. नुकत्याच हाती आलेल्या दोन डब्यांपैकी एकीवर ‘विल्स गोल्ड फ्लेक’ या नावाखाली ब्रिस्टल आणि लंडन ही गावे छापलेली आहेत. दुसरी ‘प्लेअर्स नेव्ही कट’ची असून तिच्यावर जीवरक्षक कड्याच्या चौकटीत दाढीवाला खलाशी आहे आणि त्याच्या टोपीच्या पट्टीवर ‘हीरो’ असे लिहिले आहे. गोल्ड फ्लेक तर आपल्याकडे पानपट्टीवर आजही मिळते आणि ती आयटीसीची असते. मग या ब्रिटिश कंपन्यांचे पुढे काय झाले, आणि त्यांची नावे भारतात दुसऱ्या मालकाकडे कशी आली?

बखरवाचक:
याचे उत्तर १९०१-०२ च्या तंबाखूयुद्धात आहे. ब्रिस्टलच्या विल्स घराण्याने १८८३ मध्ये बोन्सॅक यंत्राचे ब्रिटनपुरते हक्क घेतले. हे यंत्र मिनिटाला सुमारे दोनशे सिगारेटी वळत असल्यामुळे हाताने वळणाऱ्या कारागिरांच्या जोरावर चालणारे प्रतिस्पर्धी मागे पडले, आणि १८८८ मध्ये आलेली विल्सची वुडबाइन ही सिगारेट एका पेनीला पाच या भावाने कामगारवस्त्यांत पोहोचली. पुढे १९०१ मध्ये अमेरिकेचा तंबाखूसम्राट जेम्स ड्यूक याने लिव्हरपूलची ऑग्डन ही सिगारेट कंपनी विकत घेतली. त्याचा रोख ओळखून विल्स, प्लेअर, लँबर्ट अँड बटलर आदी तेरा कंपन्यांनी एकत्र येऊन इंपीरियल टोबॅको स्थापन केली. भाव पाडण्याची चढाओढ दोघांनाही परवडेना, तेव्हा १९०२ मध्ये तह झाला : ब्रिटन इंपीरियलचे, अमेरिका ड्यूकची, आणि उरलेल्या जगासाठी दोघांची सामाईक ‘ब्रिटिश अमेरिकन टोबॅको’. जगाची अशी सरळ वाटणी तीन कंपन्यांत करण्याचा उद्दामपणा त्या काळालाच शोभणारा होता.

त्यामुळे ब्रिटनबाहेर विल्सची नावे या तिसऱ्या कंपनीकडे गेली. तिने १९१० मध्ये कलकत्त्यात काढलेली इंपीरियल टोबॅको कंपनी ऑफ इंडिया म्हणजेच आजची आयटीसी. ब्रिस्टलचा मोठा कारखाना १९९० मध्ये बंद पडला. आज त्या घराण्याची सर्वांत ठळक खूण म्हणजे ब्रिस्टल विद्यापीठाची १९२५ मध्ये खुली झालेली भव्य मनोऱ्याची इमारत. गोल्ड फ्लेकला मात्र जन्मगावापेक्षा परदेशात अधिक आयुष्य लाभले.

नॉटिंगहॅमवासी:
मी प्लेअरच्या गावात, नॉटिंगहॅममध्ये, नोकरीनिमित्त राहतो, म्हणून डबीवरच्या खलाशाविषयी थोडे लिहितो. जॉन प्लेअरने १८७७ मध्ये येथील एक कारखाना विकत घेतला आणि खलाशाचे चित्र १८८० च्या दशकात कंपनीचे बोधचिन्ह झाले. ‘हीरो’ हे युद्धनौकेचे नाव आहे. विल्स आणि प्लेअर एकाच इंपीरियलच्या छत्राखाली असूनही बाजारात एकमेकांचे गिऱ्हाईक पळवत असत. नॉटिंगहॅममधले उत्पादनही २०१६ मध्ये थांबले.

पत्र्याची_डबी:
दोघांचेही आभार. बेन्सन अँड हेजेसही याच तेरांपैकी का? आमच्या पिढीला ते नाव क्रिकेटमुळे ठाऊक आहे.

रविवारचा_सामना:
नाही. ते दुकान १८७३ मध्ये लंडनच्या ओल्ड बाँड स्ट्रीटवर निघाले आणि राजघराण्याचे पुरवठादार म्हणून नावारूपाला आले. १९५५ मध्ये ते गॅलहर या तंबाखू कंपनीने घेतले, आणि गॅलहर २००७ मध्ये जपान टोबॅकोच्या पदरी पडली. ज्या राजमान्यतेवर ही कंपनी मिरवत असे, ती १९९९ मध्ये काढून घेण्यात आली.

क्रिकेटचा संबंध कायद्याशी आहे. धूम्रपानाने फुप्फुसाचा कर्करोग होतो, हे डॉल आणि हिल या ब्रिटिश संशोधकांनी १९५० मध्ये दाखवून दिल्यानंतर पंधरा वर्षांनी, म्हणजे १ ऑगस्ट १९६५ रोजी, ब्रिटिश दूरचित्रवाणीवर सिगारेटच्या जाहिरातींना बंदी झाली. पुढच्या दाराने बाहेर काढलेल्या कंपन्या मागच्या दाराने मैदानात शिरल्या. १९६९ मध्ये जॉन प्लेअर लीग आणि १९७२ मध्ये बेन्सन अँड हेजेस चषक सुरू झाला, आणि जाहिरातीला बंदी असलेले नाव प्रक्षेपणातून घरोघरी उच्चारले जाऊ लागले. ऑस्ट्रेलियातही हाच प्रकार होता. मार्च १९८५ मध्ये मेलबर्नला गावसकरांच्या नेतृत्वाखाली पाकिस्तानला हरवून भारताने जिंकलेली आणि रवी शास्त्रींना ऑडी मिळवून देणारी स्पर्धा याच सिगारेटच्या नावाची होती. इंग्लंडमधला चषक २००२ नंतर बंद झाला, कारण त्याच वर्षीच्या कायद्याने प्रायोजकत्वाची ही वाटही बुजवली.